समुद्राकाठचं गेट

बेंगळूरात बनशंकरीच्या आमच्या घरी पाहुणा आला की आधी खुर्चीवरची गेटची मोटार उचलावी लागे, मग त्याला बसा म्हणता येई. बाहेरच्या पडवीत अप्पांचं, माझ्या वडिलांचं, दुकान होतं आणि ते वर्षावर्षाने घरात सरकत आलं होतं. दिवाणाखाली लोखंडी दातेरी पट्ट्या, फ्रिजवर रिमोटचा डबा, देवघराच्या खालच्या कप्प्यात ग्रीस. त्या ग्रीसवरून आई रोज एकदा तरी बोलायची आणि त्याच्याच शेजारी तेलाची बाटली ठेवायची. सकाळी आत हुळीला, म्हणजे चिंचेच्या आमटीला, फोडणी पडत असे तेव्हा बाहेर अप्पा दुरुस्त केलेली मोटार चालू करून तिच्याजवळ कान नेऊन बसलेले असत. "ही बरी झाली," म्हणायचे, किंवा, "हिला अजून स्वल्प दुखतंय." आमच्या घरातली मराठी अशीच होती. आमच्या किती पिढ्यांची हाडं बेंगळूरच्या मातीत गेली हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. पुण्याहून नव्याने आलेले शेजारी आमचं बोलणं ऐकून हसत, आणि अप्पाही त्यांच्यासोबत हसत.

अप्पा मूळचे वेल्डिंगवाले. खिडक्यांच्या जाळ्या आणि घरांची गेटं बनवायचे. मग शहरात आपोआप उघडणारी गेटं आली. गाडीतून न उतरता रिमोट दाबायचा, गेट रुळावरून सरकून बाजूला होणार, गाडी आत गेली की पुन्हा बंद. लोखंड, चाकं, रूळ हे सगळं अप्पांच्या हातातलं होतं, पण मोटारीच्या डब्यातल्या बोर्डाला ते भीत. बोर्डाचं झाकण उघडताना त्यांचा हात देवाच्या मूर्तीवरचं फूल काढावं तसा चाले. मी पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि नोकरी शोधायच्या आधीच अप्पांच्या मागे स्कूटरवर बसून जाऊ लागले. वीस वर्षांची होते. इंदिरानगरच्या बंगल्यांतले लोक माझ्याकडे बघून अप्पांना विचारत, "काम कोण करणार?" अप्पा माझ्याकडे बोट दाखवत. त्या बोटाचा मला इतका अभिमान होता की पुढे जे झालं त्याचं मूळ मी कधीकधी तिथेच शोधते.

इंदिरानगरच्याच एका साहेबांनी उडुपीच्या पुढे, अगदी समुद्राला लागून, सुट्टीचं घर बांधलं. त्यांना बेंगळूरच्या घरासारखंच गेट तिथे हवं होतं. अप्पांनी ते पडवीसमोर रस्त्यावर बनवलं, लॉरीत चढवलं आणि तिकडे नेऊन बसवलं. एवढं जड गेट त्यांनी आधी कधी केलं नव्हतं. बेंगळूरात असं गेट पाच-सहा वर्षं तक्रार करत नाही. तिथे सहा महिन्यांत फोन आला. आम्ही गेलो, मी डबा उघडला आणि बघत राहिले. बोर्डावर हिरवट पांढरी बुरशी आल्यासारखी पूड, स्क्रू फुगून जागच्या जागी धरलेले, तारेची टोकं बोट लावताच तुटणारी. एका कोपऱ्यात पालीची दोन अंडी. अप्पांनी रुळावरून बोट फिरवलं आणि ते जिभेला लावलं. "मीठ," म्हणाले. "इथे हवाच खारी आहे. आपण लोखंड लोणच्यात घालून गेलो होतो."

त्यानंतर दर दीड-दोन महिन्यांनी आमची तिकडे फेरी होऊ लागली. आई दहीभाताची बुत्ती बांधून द्यायची, वर तळलेल्या मिरच्या. घाट उतरला की बसच्या खिडकीतून येणारी हवा अंगाला चिकटू लागे आणि अप्पा म्हणत, "आलं बघ आपलं गिऱ्हाईक." आम्ही बोर्डावर वार्निशचा हात दिला, डब्याची भोकं बुजवली, साधे स्क्रू काढून न गंजणारे घातले, चाकांना ग्रीस भरलं. समुद्र तरीही कुठून ना कुठून आत येई. आता कुणी नवीन मुलगा माझ्याकडे शिकायला आला की त्याला मी सांगते, गंज एका दिवशी दिसत नाही आणि एका दिवशी थांबवताही येत नाही. तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. तेव्हा प्रत्येक फेरीत मी जिंकून परत येत होते.

त्या घराची राखण शेषप्पा आणि त्याची बायको गिरिजा करत. मागच्या बाजूला एका खोलीत राहत. गिरिजाअक्का पन्नाशीची, उंच, सदा घाईत असलेली. आम्ही पोचलो की ती आधी पुनर्पुळीचं, म्हणजे कोकमाचं, सरबत आणून द्यायची, लालभडक आणि अंमळ खारट. दुपारी उकड्या तांदळाची गंजी, म्हणजे पेज, सोबत लोणचं आणि भाजलेला सुका मासा. अप्पा मासे खात नसत, म्हणून त्यांच्यासाठी वेगळी नारळाची चटणी वाटायची. मला ती 'मगळे' म्हणायची, म्हणजे मुली. तिचं कन्नड तुळू वळणाचं, माझं बेंगळूरचं, आणि आम्ही दोघी एकमेकींना सारख्या दुरुस्त करत हसायचो. मी गेटजवळ उकिडवी बसून काम करत असले की ती शेजारी केरसुणी टेकवून बसे आणि प्रत्येक वस्तू कशाची, ते विचारे.

तिला सगळ्यांत आवडले ते गेटचे डोळे. गेटच्या दोन्ही बाजूंच्या खांबांवर गुडघ्याच्या उंचीला एकेक सेन्सर असतो, आमच्या घरात त्यांना डोळेच म्हणत. एका डोळ्यातून दुसऱ्यात न दिसणारा किरण जातो. मध्ये माणूस, कुत्रं, गाडी काही आलं की किरण तुटतो आणि बंद होत असलेलं गेट थांबून मागे फिरतं. मी गिरिजाअक्काला मध्ये हात घालायला सांगितलं आणि रिमोट दाबला. जड गेट गुरगुरत निघालं आणि तिच्या हातापासून लांबच थांबून मागे गेलं. ती लहान मुलीसारखी हसली. पण खाऱ्या हवेने त्या डोळ्यांवर पडदा धरे आणि मग मध्ये कुणी नसतानाही त्यांना कुणीतरी आहे असं वाटे. गेट उघडे, पण बंद होईना. म्हणून मी तिला सांगितलं, "अक्का, रोज सकाळ-संध्याकाळ हे डोळे ओल्या फडक्याने पुसायचे." तिने ते काम देवाच्या दिव्यासारखं मनावर घेतलं. वाकून, पदराआडून फडकं काढून, दोन्ही बाजूंचे डोळे ती इतके लखलखीत पुसायची की बाकी गेट गंजलं तरी तेवढे दोन ठिपके चमकत.

साहेबांच्या मुलीचा साखरपुडा त्या घरी ठरला. दोन दिवस आधी फोन आला की गेट बंदच होत नाही. आम्ही गेलो. एका डोळ्यात पाणी शिरून तो आतून मेला होता. पुसून काही होणार नव्हतं, आणि दुसरा जोड आमच्याकडे नव्हता. त्यातच रुळाला आणि चाकांना गंज चढल्यामुळे मोटारीला गेट ओढवत नव्हतं, अर्ध्यात थांबत होतं. साहेबांचा मॅनेजर दर तासाला येऊन घड्याळ दाखवत होता.

अप्पा म्हणाले, "मोटार सोडवून ठेवू. दोन दिवस शेषप्पा हाताने ढकलेल. डोळा आला की येऊन लावू."

मी म्हणाले, "एवढं जड गेट एकटा माणूस दिवसभर कसं ढकलेल? आणि साहेब काय म्हणतील? गेट बसवलं कशाला म्हणतील."

हे मी शेषप्पाच्या काळजीने बोलले असं मला तेव्हा वाटलं. आज वाटत नाही. सगळ्या पाहुण्यांसमोर माझं गेट हाताने ढकललं जाणार होतं, ते मला नको होतं. मी बोर्डावरच्या दोन टोकांमध्ये बोटभर तार जोडली. त्याने बोर्डाची समजूत होते की डोळे ठीक आहेत आणि मध्ये कुणी नाही. मग मोटारीचा जोर ठरवणारा लहानसा पेच मी शेवटपर्यंत फिरवला. गेट सुरळीत बंद झालं.

अप्पा बघत होते. "डोळे नसताना कुणी मध्ये आलं तर?"

"मोटारीला अडथळा लागला की ती आपणच थांबते, अप्पा," मी म्हणाले. ते खरं होतं, पण जोर कमी असताना. जोर मी आत्ताच वाढवला होता आणि ते अप्पांना कळण्यासारखं नव्हतं. "दोनच दिवस. सोमवारी येऊन डोळा बदलू."

"सरी, तसं कर," अप्पा म्हणाले. बोर्डाच्या बाबतीत ते माझा शब्द शेवटचा मानत.

गिरिजाअक्का तेव्हा आत पाहुण्यांची भांडी काढत होती. निघताना तिने मला अबोलीचा गजरा दिला. तिला सांगायचं माझ्या मनात आलं होतं, हे मला पक्कं आठवतं. मग वाटलं, दोन दिवसांचं तर आहे, हिला कशाला घाबरवायचं.

सोमवारी देवनहळ्ळीचं काम आलं. शेतं मोडून तिथे नवं लेआउट पडलं होतं, एका ओळीत बारा घरं, बारा गेटं. इतकं मोठं काम आम्हाला कधी मिळालं नव्हतं. नवा डोळा दुकानातून आला तो मी आईच्या शिवणाच्या खणात ठेवला. अप्पांनी दोनदा विचारलं, "समुद्राकडे जायचं होतं ना गं?" दोन्ही वेळा मी म्हणाले, पुढच्या आठवड्यात. आईनेही एकदा खण उघडून विचारलं की हे काय माझ्या रिळांमध्ये, मी म्हणाले राहू दे. तिसरा आठवडा संपत आला होता. देवनहळ्ळीला दुपारी आम्ही एका अर्धवट घराच्या पायरीवर डबा उघडून बसलो होतो तेव्हा अप्पांचा फोन वाजला. ते कन्नडमध्ये "हो, हो" म्हणत राहिले आणि मग फोन कानाला तसाच धरून माझ्याकडे बघू लागले.

"गिरिजा गेटमध्ये सापडली," म्हणाले. "जिवंत आहे."

सकाळी ती नेहमीसारखी डोळे पुसायला गेली होती. मेलेला डोळा खांबाच्या आतल्या अंगाला होता. ती गेटकडे पाठ करून वाकली होती. बाहेरून आलेल्या गाडीच्या ड्रायव्हरने आत येऊन मागे न बघता रिमोट दाबला. गेट निघाल्याचा आवाज तिने ऐकला असणारच. पण आपण मध्ये आहोत म्हटल्यावर ते थांबतं, हे तिला मीच दाखवलं होतं.

घरी जाऊन आम्ही रात्रीची बस धरली. आईने बुत्ती दिली होती, ती तशीच पिशवीत आंबली. आम्ही पोचलो तेव्हा मॅनेजर गेटपाशीच उभा होता. गेट उघडं ठेवून त्याला दोरी बांधली होती. खांबाजवळची जमीन धुतलेली होती. मॅनेजर अप्पांना बाजूला नेऊन काही समजावू लागला, आणि मी पाना घेऊन सरळ मोटारीकडे गेले. झाकण उघडलं. बोटभर तार मी लावली होती तशीच होती, नुसती थोडी हिरवी पडलेली. ती काढायला दोन क्षण लागले. मी ती मुठीत घेतली.

"काय काढलंस?"

अप्पा मागे उभे होते. मी मूठ उघडली. त्यांनी ती तार बघितली, मग बोर्डाकडे, मग खांबावरच्या डोळ्याकडे. बोर्डातलं त्यांना फार कळत नसे, पण एवढं कळलं.

"आणि जोर?" त्यांनी विचारलं.

"वाढवला होता."

"मला तू सांगितलंस, ती आपणच थांबते."

अप्पांनी आजवर माझ्यावर हात उचलला नव्हता, तेव्हा उचलतील असं मला वाटलं आणि उचलावा असंही वाटलं. ते हळू आवाजात म्हणाले, "परत लाव. होती तशी लाव."

मी तार त्याच दोन टोकांमध्ये पुन्हा जोडू लागले. ती लागेपर्यंत ते थांबले आणि मग त्यांनी मॅनेजरला हाक मारली. मॅनेजरच्या हातात इंग्रजीत टाइप केलेला कागद होता. अप्पांनी तो माझ्याकडे दिला आणि वाचून मराठीत सांगायला लावलं. गेट संपूर्ण चालू स्थितीत होतं, कामवाली स्वतःच्या निष्काळजीपणाने मध्ये आली, असं त्यात होतं. खाली अप्पांच्या सहीची जागा.

"खरं आहे हे?" अप्पांनी मला विचारलं.

"नाही."

त्यांनी कागद घडी करून परत दिला. मग त्या माणसाला बोर्डापाशी नेऊन तार दाखवली. "हे आमचं काम. माझ्या मुलीने केलं, मी शेजारी उभा होतो. पोलीस येतील तेव्हा त्यांनाही हे असंच बघू द्या."

मॅनेजर म्हणाला, "तुम्हाला समजत नाही. ह्यात तुम्हीही सुटताय."

"समजतं," अप्पा म्हणाले.

इस्पितळात गिरिजाअक्का खिडकीशेजारच्या खाटेवर होती. कमरेचं हाड मोडलं होतं, उजवा हात खांद्यापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत. ती मला बघून हसायला गेली आणि तिचा चेहरा दुखण्याने ओढला गेला. "मगळे, इतक्या लांबून आलीस," म्हणाली. "माझंच चुकलं बघ. मी कशीतरी वेडीवाकडी उभी राहिले असेन. तुझं गेट एरवी थांबतं."

तिथे आणखी एक क्षण थांबले असते तर माझ्याने बोलवलं नसतं. मी म्हणाले, "अक्का, तुमचं चुकलं नाही. तो डोळा मेलेला होता. साखरपुड्याच्या आधीपासून. मी तार जोडून गेट चालू ठेवलं होतं. ते थांबणारच नव्हतं."

तिला लगेच कळलं नाही. शेषप्पाला कळलं. खाटेच्या पायथ्याशी उभा होता, फार कमी बोलणारा माणूस. त्याने विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"हो."

"आम्हाला सांगितलं असतंस तर ती तिथे वाकली नसती. एवढंच सांगायचं होतं. गेट दुरुस्त नको होतं."

गिरिजाअक्काने मान खिडकीकडे वळवली. शेवटी अप्पा माझ्या खांद्याला धरून बाहेर घेऊन गेले.

पोलिसांनी आमचा जबाब लिहून घेतला, आणि आम्ही कबूल केल्यामुळे साहेबांनाही हात झटकता आले नाहीत, तिच्या उपचारांचा भार त्यांना आणि आम्हाला मिळून घ्यावा लागला. साहेबांनी आम्हाला पुन्हा पाऊल ठेवू नका म्हणून सांगितलं. अप्पांनी फक्त दोन दिवस मागून घेतले. गेट असंच सोडून ते निघायला तयार नव्हते. आम्ही गेट रुळावरून उतरवलं, चाकं बदलली, रूळ घासून काढला. पाणी शिरू नये म्हणून पूर्ण बंद असलेले डोळे बसवले, त्यांच्यावर पत्र्याची लहान छपरं वेल्ड केली. जोराचा पेच मी मागे आणला. मग अप्पा जाऊन खांबाच्या आतल्या अंगाला, गेटकडे पाठ करून, वाकून उभे राहिले.

"दाब," म्हणाले.

"अप्पा, लाकूड ठेवून बघू."

"दाब गं."

मी रिमोट दाबला. गेट निघालं, हातभर सरकलं, थांबलं आणि मागे फिरलं. अप्पा जागेवरून हलले नाहीत. "आता बोर्डावर तशीच तार जोड आणि दाब. मोटार आपणच थांबते का ते बघायचंय." मी म्हणाले मला जमणार नाही. ते वाकलेलेच राहिले. शेवटी मी बोर्डावर तार जोडली आणि दाबलं. गेट येत राहिलं. त्यांच्या कमरेला टेकलं, त्यांचा सदरा दबलेला मला दिसला, आणि मग ते मागे गेलं. अप्पा सरळ झाले, मी तार ओढून काढली. त्यांच्या कपाळावर घाम होता. मी रुळावरच बसून रडले आणि त्यांनी मला रडू दिलं.

ही गोष्ट बेंगळूरात आमच्या आधी पोचली. इंदिरानगरची कामं एकेक करून बंद झाली, देवनहळ्ळीची उरलेली गेटं दुसऱ्याला गेली. अप्पांनी पुन्हा खिडक्यांच्या जाळ्या करायला घेतल्या. घरात मोटारीचा आवाज नव्हता, आणि त्यावाचून सकाळ फार लवकर संपायची. आईने शिवणाचा खण कितीतरी दिवस उघडला नाही. अप्पांनी मला काम सोडू दिलं नाही. वर्षभराने पहिलं लहानसं गेट आलं तेव्हा म्हणाले, "मालकाला नंतर सांग. आधी त्या गेटपाशी दिवसभर जो असतो त्याला सांग." अप्पांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. मी अजून त्याच क्रमाने सांगते. नव्या गेटसमोर मी स्वतः उभी राहते आणि माझ्या हाताखालच्या मुलांना हे आवडत नाही.

गिरिजाअक्काला मी त्यानंतर एकदाच भेटले. ती आणि शेषप्पा ते घर सोडून तिच्या भावाच्या गावी राहायला गेले होते. मी एकटी गेले. ती अंगणात बसून डाव्या हाताने चिंचेतले चिंचोके काढत होती. उजव्या हाताची बोटं अर्धीच मिटत होती. तिने मला ओळखलं, बसायला चटई दिली, पाणी आणि गूळ आणून दिला, लंगडत. मगळे म्हणाली नाही. बराच वेळ आम्ही दोघी चिंच सोलत होतो. मग तिने मान वर न करता विचारलं, "ते डोळे आता कोण पुसतं?"

"पुसावे लागत नाहीत, अक्का," मी म्हणाले. "बंद डोळे बसवलेत. वर छप्पर केलंय. मीठ आत जात नाही."

तिचा हात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं.

"मग ते आधीच का नाही बसवलंत?"

मी बेंगळूरची शेवटची बस गाठायची म्हणून उठले. ती अजून उत्तराची वाट बघत बसली होती.